घरातल्या आजारी माणसाचं करता करता स्वतःचीच तब्येत ढासळतेय, तुम्ही काय करता?

अंजनवेल
आमच्याकडे सासूबाईंना अल्झायमर आहे. वय ७८, निदान होऊन तीन वर्षं होत आली. मी ४६ ची, डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला, दोन दिवस घरून काम आणि बाकी दिवस लोकल. नवऱ्याची शिफ्टची नोकरी, मुलगी बारावीत. हे सगळं प्रस्तावना म्हणून सांगितलं, प्रश्न माझ्या तब्येतीचा आहे.

गेल्या वर्षभरात माझंच शरीर बिघडत चाललंय. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १५०/९६ निघालं. सकाळी उठलं की उजवा जबडा इतका दुखतो की पोळीचा घास चावताना कळ येते, डेंटिस्ट म्हणाल्या झोपेत दात खाताय, दाढा झिजल्यात. त्यासाठी पेनकिलर घेते अधूनमधून म्हणजे आता जवळजवळ रोजच. केस मूठ मूठ जातायत. पाळी मागेपुढे. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे विळीवर नारळ खवताना अंगठ्याला कापलं होतं, बारीकसंच, पण महिना होऊन गेला तरी ते नीट भरून येईना, पट्टी काढली की कडा परत उकलायच्या. मला वाटलं डायबेटीस निघणार, पण शुगर नॉर्मल आली.

डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. घरचेही तेच म्हणतात. पण न घेणं म्हणजे नक्की काय करायचं ते कोणीच सांगत नाही. दिवेलागण झाली की सासूबाई पिशवी भरायला घेतात, त्यात टॉवेल, जुनं पंचांग, एक रिकामा डबा, आणि "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल" सुरू होतं ते जेवणापर्यंत. रात्री उठून दाराची कडी काढतात म्हणून मी हॉलमध्ये झोपते, झोपते म्हणजे कान दाराकडे लावून पडलेली असते.

तर विचारायचं असं की हे एवढं सगळं ताणामुळे होऊ शकतं का, की अजून काही तपासायला हवं? आणि तुमच्यापैकी जे कोणी घरात असं करताय ते स्वतःला कसं सांभाळताय? खरे अनुभव लिहा प्लीज.

बकुळफूल
अंजनवेल, तुझी पोस्ट वाचून पोटात कालवलं गं. माझ्या आईला पार्किन्सन्स होता, सात वर्षं केलं तिचं. मला त्या काळात तोंड सतत यायचं, आणि सर्दी एक गेली की दुसरी. आई गेल्यावर वर्षभराने लक्षात आलं की कित्येक महिन्यांत सर्दी झालेली नाही. सविस्तर लिहिते रात्री, आत्ता ऑफिसात आहे.

औंधकर_डॉक्टर
मी फिजिशियन आहे, इथे बघून औषध लिहून देत नाही पण थोडं सांगतो कारण काही गोष्टी तुमच्या डॉक्टरांशी बोलायलाच हव्यात.

आधी जखमेचं. तुम्हाला जे विचित्र वाटलं त्यावर फार गाजलेला अभ्यास आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केला. घरात डिमेन्शियाच्या (म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, अल्झायमर त्यातलाच एक प्रकार) नातेवाइकाचं करणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते बघितलं. सेवा करणाऱ्या बायकांना सरासरी ९ दिवस जास्त लागले. म्हणजे नेमकं तुमच्याच परिस्थितीतल्या बायका. अभ्यास लहान होता हे खरं पण नंतर इतरांनी वेगवेगळ्या प्रकारे तपासलं तेव्हाही दिशा तीच निघाली.

कारण असं की जखम झाली की पहिल्या एकदोन दिवसांत पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि काही रसायनं सोडतात, पुढची सगळी दुरुस्ती त्यावर अवलंबून असते. ताण आला की किडनीवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतात आणि ते ही सुरुवातच दाबून टाकतं. तासाभराचा ताण असेल तर कॉर्टिसॉल उपयोगाचंच असतं, संकटात शरीराला ताकद देतं. ते महिनोन्महिने उतरतच नाही तेव्हा नुकसान सुरू होतं. बकुळफूल यांची सर्दीसुद्धा यातच येते.

आता महत्त्वाचं. सगळं ताणावर ढकलू नका. तुमच्या वयाला थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ हे बघायलाच हवं, पाळी जाण्याच्या आधीचे बदलही असू शकतात. केस ताणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि बहुतेक वेळा परत येतात, पण लोह कमी असेल तर नुसतं थांबून उपयोग नाही. आणि त्या पेनकिलर, ताई, त्यांतल्या बऱ्याचशा गोळ्या स्वतःच बीपी वाढवतात. कोणती घेताय ते डॉक्टरांना गोळ्यांची स्ट्रिप दाखवून सांगा. जबड्यासाठी डेंटिस्टकडून रात्री घालायचा नाइट गार्ड करून घ्या, गोळीपेक्षा बरा.

बीपी एकदाच ऑफिसात मोजून काही ठरवता येत नाही. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, गप्प बसायचं. आधी अर्धा तास चहा नाही. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा वर येत असेल तर ते खरंच वाढलेलं आहे, मग टाळाटाळ नको.

चाकरमानी
माझ्या मते मनाची तयारी हवी. रोज पहाटे अर्धा तास प्राणायाम आणि ओंकार, मी वीस वर्षं करतोय, एक गोळी चालू नाही. सासूबाईंची सेवा हे ओझं न मानता पुण्य मानलं की ताण राहत नाही. विचार बदलला की शरीर बदलतं.

डोंगरवाट
चाकरमानी काका, तुमच्या प्राणायामाबद्दल आदर आहे पण पहाटे अर्धा तास ज्या बाईला रात्रभर झोप नाही तिने आणायचा कुठून? आणि पुण्य मानायचं हे नेहमी जी करते तिनेच मानायचं असतं, बाकीचे नुसतं सांगतात. माझ्या मोठ्या वहिनीने आमच्या वडिलांचं असंच सगळं हसतमुखाने केलं, कधी कोणाला काही बोलली नाही, आणि आम्हा सगळ्यांना वाटायचं तिला काही त्रासच नाही. ५२ व्या वर्षी तिला हार्ट अॅटॅक आला. वाचली, पण तेव्हा कळलं की ती कित्येक महिने जिना चढताना थांबत होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे मला हे "मानलं की ताण राहत नाही" ऐकलं की राग येतो, सॉरी.

औंधकर_डॉक्टर
दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. संथ श्वासाचा परिणाम खरा आहे. मिनिटाला साधारण सहा श्वास, सोडताना जास्त वेळ, असं पाच मिनिटं केलं तरी हृदयाची गती आणि बीपी त्या वेळेपुरतं उतरतं, कारण शांत करणारी व्हेगस नर्व्ह जागी होते. आपल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता, ही काही कालपरवाची फॅशन नाही. बीपी असेल तर श्वास रोखून धरायचे प्रकार मात्र करू नका.

पण श्वासाने झोप भरून निघत नाही. रात्री गाढ झोपेत बीपी एरवी १० ते २० टक्के खाली येतं, तीच हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची विश्रांती. कान दाराकडे लावून पडलेल्या माणसाला ती मिळत नाही. अंजनवेल यांना माझं पहिलं सांगणं गोळीचं नाही, रात्रीचं आहे. आठवड्यातल्या निदान तीन रात्री दुसऱ्या कोणीतरी हॉलमध्ये झोपायचं आणि तुम्ही दार लावून आतल्या खोलीत.

ठाणेकर_७२
इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही. अंजनवेल, सासूबाईंच्या बाबतीतले निर्णय कोण घेतं? डॉक्टर कुठला, औषध बदलायचं का, बाई ठेवायची का?

विचारायचं कारण, मी एचआरमध्ये तीस वर्षं काढली आणि ट्रेनिंगमध्ये आम्हाला ब्रिटनच्या व्हाइटहॉल अभ्यासाबद्दल शिकवलं होतं. १९६७ ला सुरू झाला, लंडनच्या सरकारी नोकरांवर. सगळ्यांना वाटायचं की मोठ्या साहेबांना टेन्शन जास्त म्हणून हार्टचा त्रास जास्त. निघालं उलटंच, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पुरुषांमध्ये हृदयरोगाने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या तिपटीच्या आसपास. सिगरेट, कोलेस्टेरॉल वगैरे हिशेबात धरूनही फरक बराच उरला. पुढे १९८५ ला सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की काम भरपूर आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार शून्य, ही जोडी हृदयाला वाईट. घरातसुद्धा हेच चालतं असं माझं ठाम मत आहे.

अंजनवेल
ठाणेकर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. नणंद पुण्याला असते, दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, आणि निर्णय तिचे. "आईला बाहेरच्या बाईच्या हाती द्यायचं नाही", "त्या गोळीने ती सुस्त होते, बंद करा", "तुम्ही तिच्याशी बोलत नाही म्हणून ती असं करते". कॉलवर सासूबाई दहा मिनिटं अगदी व्यवस्थित बोलतात, तिला कसं आहेस विचारतात, त्यामुळे तिला खरंच वाटतं की मी वाढवून सांगते. फोन ठेवला की पाच मिनिटांत मला विचारतात, तुम्ही कोण. हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. त्या रविवारी रात्रीच जबडा सगळ्यात जास्त दुखतो हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

बकुळफूल
आले. हे कॉलवर छान बोलणं डिमेन्शियात खूप होतं, नवीन माणूस किंवा थोडा वेळ असला की सावरून बोलतात. नणंदेला बोलून पटणार नाही, तिला चार दिवस आणून ठेवायचं आणि तुम्ही तिघांनी खरंच बाहेर जायचं. आम्ही भावाच्या बाबतीत हेच केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे भावाचा फोन आला, "ताई रात्रपाळीला बाई बघूया". पैसेही त्यानेच द्यायला सुरुवात केली.

"घरी जायचंय" ला "हेच घर आहे" असं उत्तर देऊन उपयोग होत नाही, वाद वाढतो. आईला डिमेन्शिया नव्हता पण शेजारच्या काकूंना होता, त्यांची सून पिशवी उचलायची, म्हणायची चला सोडते, बिल्डिंगला एक फेरी मारून वर आणायची, "आलो बघा घरी". बऱ्याचदा चालून जायचं. संध्याकाळ व्हायच्या आधीच सगळे दिवे लावून ठेवायचे, सावल्यांनी घाबरतात. आणि दाराला वरच्या बाजूला घंटी लावा, दुकानाच्या दाराला असते तसली, म्हणजे कान लावून पडावं लागणार नाही.

सातासमुद्रापार
मी त्या पुण्याच्या नणंदेच्या जागी आहे, फक्त जास्त लांब, न्यू जर्सीत. बाबांना डिमेन्शिया, नाशिकला भाऊ-वहिनी करतात. हा धागा वाचून दोन दिवस नीट झोप नाही. लांबून मी काय केलं तर खरंच उपयोग होईल, कोणी स्पष्ट सांगेल का? सल्ले देणं बंद करणार हे तर ठरवलंच.

डोंगरवाट
सातासमुद्रापार, विचारलंत हेच खूप. १) रात्रीच्या बाईचा पगार तुम्ही द्या, दर महिन्याला, मागावा लागू नये असा. २) जे फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून होतं ते सगळं तुमच्याकडे घ्या, मेडिक्लेमचे कागद, औषधं मागवणं, डायपरची ऑर्डर, अपॉइंटमेंट, बाई पुरवणाऱ्या ब्यूरोशी भांडण सुद्धा. बाई दांडी मारते त्या दिवशी सकाळी सात वाजता ब्यूरोला दहा फोन करायचे असतात, ते न्यू जर्सीतून होतात, तुमची रात्र असते तेव्हा. ३) सुट्टीला याल तेव्हा पाहुणे म्हणून येऊ नका, दोन आठवडे बाबांची खोली तुमची आणि वहिनी माहेरी.

माणदेशी
तुमचं सगळं वाचतोय. आमच्या गावात ब्यूरो नाही की बाई मिळत नाही. वडिलांना पॅरालिसिस होऊन चार वर्षं, मी आणि आई दोघंच करतो, शेती, जनावरं आणि हे. मला दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड, हातपाय गार, आता मरतो की काय असं व्हायला लागलं, तीन वेळा रात्री गाडी करून तालुक्याला नेलं, ईसीजी दरवेळी नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हार्ट चांगलंय, हे पॅनिकचं आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे तिथं जा. लाज वाटत होती, गावात कळलं तर काय. गेलो. गोळी सुरू केली आणि डॉक्टर जे बोलले त्यानेही फरक पडला. तंबाखू निम्म्यावर आणली, अजून सुटली नाही. आता धडधड आली तर मला कळतं हे काय आहे आणि दहा-वीस मिनिटात उतरतं.

दुसरं म्हणजे चुलत्यांशी बोलून जनावरांचं संध्याकाळचं काम त्यांच्याकडं दिलं, दुधातला वाटा देतो. तेवढा दीड तास मी पारावर बसतो किंवा भजनाला जातो. ज्याला कोणाला जवळ काही नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. आईनं पण केलाय.

निशिगंध
माणदेशी, तुम्ही लिहिलंत म्हणून मीपण लिहिते. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. मला डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिलीय पण घ्यायची भीती वाटते, सवय लागली तर? सध्या मेडिकलवाल्याकडून झोपेची अल्प्रेझोलाम आणून अर्धी घेते, ती साधी आहे म्हणाला.

औंधकर_डॉक्टर
निशिगंध, नेमकं उलटं आहे हो. सवय लावते ती अल्प्रेझोलाम, आणि ती चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायच्या. अल्प्रेझोलाम रोज घेत असाल तर तीही एकदम बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली त्यांना सगळं खरं सांगा. आणि कधीही जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार यायला लागले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर नाहीतर १४४१६.

चाकरमानी
डोंगरवाट यांच्या वहिनींबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा रोख त्यांच्यासारख्यांना गप्प बसवण्याचा नव्हता. अंजनवेल, मी डोंबिवलीतच आहे, निवृत्त आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक-दोघी आहेत ज्या दुपारी घरी येऊन बसू शकतात, सोबत म्हणून. व्यक्तिगत निरोपातून संपर्क करा, घरच्यांना आधी भेटवून देतो.

अंजनवेल
काका, मनापासून धन्यवाद, निरोप टाकलाय.

सगळ्यांना एकत्र सांगते. घरी सात दिवस मोजलं, सरासरी १४२/९०, डॉक्टरांनी कमी डोसची गोळी सुरू केलीय आणि पेनकिलर बंद करायला लावलीय. हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणजे रक्त कमी होतंच, डॉक्टर तुम्ही आग्रह धरलात ते बरं झालं. नाइट गार्ड घातल्यापासून जबडा बराच हलका आहे. दाराला घंटी लावली. नवऱ्याने स्वतःहून शिफ्ट बदलून घेतली, आता मंगळ, गुरू, शनी तो हॉलमध्ये झोपतो. पहिल्या रात्री मी तरीही दोनदा उठून बघून आले, तिसऱ्या वेळी सकाळचा अलार्मच ऐकू आला.

नणंदेला हा धागा पाठवायचा विचार होता पण तो बदलला, तिला फक्त तारखा पाठवल्या, पुढच्या महिन्यात चार दिवस. नवऱ्याने पाठवल्या, मी नाही. "बघते" म्हणालीये. नाही आली तरी रात्रीची बाई ठेवायची हे आमचं ठरलंय, तो निर्णय आता आमचा.

एक शंका. कालपासून सासूबाई एकदम जास्तच गोंधळल्यात, दुपारीसुद्धा, आणि झोपेत बडबडतायत. आजार वाढला असं समजायचं का?

औंधकर_डॉक्टर
एका दिवसात एवढा फरक पडला तर आजार वाढला असं धरून बसू नका. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन सुरू केलेलं औषध यातल्या कशानेही असं अचानक होतं, ताप नसतानाही. आजच लघवीची तपासणी आणि रक्तातलं सोडियम करून घ्या आणि डॉक्टरांना "कालपासून" हा शब्द आवर्जून सांगा. सारख्या झोपून राहत असतील, उठवूनही उठत नसतील किंवा खाणंपिणं बंद झालं असेल तर तपासणीची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलला न्या.

अंजनवेल
नवरा आत्ताच सॅम्पल घेऊन लॅबला गेलाय. रिपोर्ट आला की लिहिते.